गाडीची टाळू

माझ्या नवऱ्याला गाडीचा आवाज कळायचा आणि मला नवऱ्याचा. त्यामुळं धारणीहून परतल्यावर तो "काई नाई झालं" म्हणत घरात शिरला, तेव्हाच मी ओळखलं. मी काही विचारलंच नव्हतं. न विचारता माणूस काही झालं नाही म्हणतो, तेव्हा नक्की काहीतरी झालेलं असतं. (लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर जन्मात कधी म्हटलं नाही.)

आम्ही तेव्हा चांदूर बाजारला राहत होतो. नवरा फौजेत गाडी चालवायला शिकून आला होता आणि परतवाड्याच्या एका ठेकेदाराची पिकअप चालवत होता. गाडी लढाईच्या काळातली, लिलावात घेतलेली. तिचा मूळचा हिरवा रंग ठेकेदाराला आवडला नाही, म्हणून त्यानं ती सगळी लाल रंगवून घेतली. बॉनेट लाल, दारं लाल, पेट्रोलच्या टाकीचं झाकणसुद्धा लाल. लांबून पाहिली तर नवरी वाटायची, जवळ आली की सासू निघायची. त्या गाडीत मीठ, गूळ, ज्वारी आणि रॉकेलचे डबे भरायचे आणि परतवाड्यावरून घाट चढून, सेमाडोहवरून धारणीच्या बाजाराला न्यायचे, हे त्याचं काम. रात्री गाडी आमच्याच दारात उभी असायची.

झालं होतं ते असं. घाट अर्धा चढून झाला आणि गाडीचा दम गेला. इंजिन एकदम बंद पडलं नाही. आधी ते खोकलं, मग हुंदके देऊ लागलं. पायाखाली ॲक्सिलरेटर पार दाबलेला, आणि गाडी मात्र मुंगीच्या चालीनं. मग ती थांबली, आणि मग मागं सरकायला लागली. ब्रेक होते, पण भरलेली गाडी चढावर धरून ठेवतील असे नव्हते. क्लीनरनं उडी मारून मागच्या चाकाखाली दगड घातला म्हणून ती अडली. मागं वळण होतं आणि वळणाच्या पलीकडं काहीच नव्हतं.

हे मला नवऱ्यानं सांगितलं नाही. क्लीनर सांगून गेला. चांगला धिप्पाड, मिशीवाला माणूस, पण आमच्या दारात उभा राहून रडकुंडीला आला होता. म्हणाला, "वयनी, मले लेकरं हायेत. मी आता जिनिंगमधी कामाले जातो. तुमी बी त्यायले सांगा, ते गाडी सोडा म्हना." आणि गेला तो गेलाच.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आत बसून तूर पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. सुपातली तूर भुईवर सांडली आणि ती त्यांनी लवकर गोळाही केली नाही. माझे सासरे त्याच घाटात गेले होते. बांबू भरलेली त्यांची बैलबंडी चढावर मागं आली होती. मी त्यांना पाहिलं नाही, माझ्या लग्नाच्या फार आधीची गोष्ट. पण घरात कोणी नुसतं 'घाट' म्हटलं तरी आत्याबाई उठून दुसऱ्या कामाला लागायच्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर माझ्या नवऱ्यानं घरातले देव स्वतःच्या हातानं उचलले होते. मरीमायचा शेंदूर फासलेला गोटा नदीत सोडला होता. गाडीला तो लिंबू-मिरची बांधू देत नव्हता, दसऱ्याला हारसुद्धा घालू देत नव्हता. आईला म्हणाला होता, "माय, आता भ्यायचं नाई. भेवानंच आपल्याले इतके दिवस वाकवलं." मला ते पटलं होतं, आजही पटतं. आत्याबाईंनीही मान हलवली होती. पण भीती काही गोट्यात नसते, गोट्याबरोबर वाहून जायला. ती घरातच राहिली आणि राहायला कोपरा शोधत राहिली.

गाडी अमरावतीला मिस्त्रीकडं गेली. मिस्त्रीनं प्लग काढून घासले, पॉइंट बदलले, कार्बोरेटर उघडून फुंकला. पेट्रोलचा पंप उघडून पाहिला तर तोही ठणठणीत. मग मोकळी गाडी बडनेऱ्याच्या सपाट रस्त्यावर पळवून आणली, तर घोड्यासारखी पळाली. मिस्त्री हसून म्हणाला, "मियाँ, गाडी में दम है. चढ़ाई देख के गाडी नहीं डरती, डिरायव्हर डरता है."

हे मात्र नवऱ्याला झोंबलं. घरी येऊन त्यानं मला पुन्हापुन्हा विचारलं, "मी भेतो काय वं? सांग, मी भेकाड दिसतो काय?" मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर मला तो भ्याला असता तर बरं वाटलं असतं. भ्याला असता तर गेला नसता.

पुढच्या खेपेला गाडीनं घाटात पुन्हा तेच केलं. त्या वेळी माल घेऊन बरोबर निघालेला एक दुकानदार होता, त्यानं दगड लावला. पण ह्या खेपेला नवऱ्यानं एक गोष्ट हेरली. गाडी गुदमरायला लागली की पेट्रोलचा ओघ वाढवणारा चोक ओढायचा, मग तिच्यात जरासा जीव येतो आणि ती चार हात पुढं सरते. "म्हंजे तिले पेटरोल कमी पडून राहिलं," तो मला म्हणाला. "पन टाकी त भरेल असते. मी उतरून काडी घालून पायतो, काडी वरपर्यंत ओली. मंग थोडा वेळ गेला की आपोआप चालू होते. जशी काई झालंच नाई." टाकीत पेट्रोल आहे, पंप चांगला आहे, नळीत कचरा नाही, आणि तरी गाडी उपाशी. हे कोडं तो जेवताना, झोपताना, अंघोळ करतानाही सोडवत होता. मी ऐकत होते आणि मनातल्या मनात त्या वळणावरून मागं मागं सरकत होते. भाकरी थापताना माझे हात थंड पडायचे.

गाडीवर यायला आता कोणी तयार होईना. बातमी सगळीकडं झाली होती. दगड लावायला माणूस नाही, तर तो एकटाच निघाला. तेव्हा मी म्हटलं, "मी येते."

"बायामानसाचं काम नोहे ते."

"दगड उचलाले बायामानूस चालते, विहीर खंदाले चालते, मंग गाडीले काहून नाई चालत?" मी म्हटलं. "घरी बसून मराचंच हाय, तर तिकडं येऊन मरतो." खरं तर मी शूर नव्हते. घरी बसून वाट पाहण्याची भीती मला जास्त होती, एवढंच.

मी घरचा वरवंटा घेऊन निघाले, तर तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "वरवंटा गोल असते वं. चाकासंग तोबी गडगडन." मग त्यानं सागाचा एक ठोकळा पाचरीसारखा तासून दिला. आत्याबाई तेवढा वेळ गाडी पुसत होत्या. अलीकडं त्यांनी हे नवीनच काढलं होतं. खेप असली की सकाळी ओलं फडकं घेऊन गाडीभोवती फिरायचं. त्या दिवशी तर पुसणं संपेचना. आता एकटा लेक नाही, सूनही जाणार होती. निघताना त्यांनी माझा हात धरला, आणि त्यांची बोटं तेलकट लागली. मी म्हटलं, स्वयंपाकाचा हात असेल.

परतवाड्याला टाकी भरली आणि घाट लागला. ठोकळा माझ्या मांडीवर, डावा हात दाराच्या कडीवर. नवरा गाडीशी बोलत होता, "चाल माय, चाल माय." सागाची पानं गळून रस्ता दूरवर दिसत होता, आणि तेच वाईट होतं, कारण दरीही दिसत होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग इंजिन खोकलं. त्यानं चोक ओढला. गाडी पुढं झाली, पुन्हा खोकली, आणि माझ्या पायाखालची थरथर एकदम थांबली.

"लाव!" तो ओरडला.

कडी उघडेना. मी खांदा मारला, दार उघडलं, मी पडल्यासारखीच उतरले. गाडी माझ्या शेजारून मागं चालली होती, हळूच, एखाद्या गरीब गाईसारखी, आणि त्या हळूपणाचीच मला जन्मात कधी वाटली नाही इतकी भीती वाटली. मी वाकून ठोकळा चाकामागं सरकवला. चाकानं तो खडीतून करकरत थोडा मागं ढकलला, माझी बोटं कशी निघाली ते मला माहीत नाही, आणि गाडी अडली. मी रस्त्यावर बसले.  त्या जंगलात वाघ आहेत हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी वाघ आला असता, तर त्यालाही मी एक दगड लावायला सांगितलं असतं.

नवरा उतरला. चाकामागं मोठा दगड लावून घेतला आणि नेहमीप्रमाणं काडी घेऊन टाकीकडं गेला. त्यानं झाकण फिरवलं आणि मला 'फुस्स' असा आवाज आला. लांबलचक, कोणी पाण्याखालून वर येऊन श्वास घ्यावा तसा. त्यानं काडी घातली. काडी ओली होती. झाकण लावून त्यानं गाडी सुरू केली, तर लगेच सुरू झाली.

"पाय वं," तो म्हणाला, "थंडी झाली की चालू होते."

तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना. तो आवाज मी कुठंतरी ऐकला होता. पुढं थोडं अंतर गेलो आणि पुन्हा तेच. खोकला, हुंदके, "लाव!" ह्या वेळी चढ कमी होता, गाडी लगेच अडली. नवऱ्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागं डब्यांवर डबे रचलेले होते, आणि ते पाहता पाहता मला आठवलं.

"आयकलं काय," मी म्हटलं. "इंजिनाले हात लावू नका. थांबू बी नका. निस्तं टाकीचं झाकन उघडा आन् चालू करून पाहा."

"काहून?"

"उघडा त."

त्यानं उघडलं. फुस्स. बटन दाबलं, आणि गाडी चालू. थंड व्हायला वेळच दिला नव्हता.

"घरी रॉकेलचा डबा फोडतो तवा आपन किती भोकं पाडतो?" मी विचारलं. "दोन. एक रॉकेलचं, एक वाऱ्याचं. एकच पाडलं त जराक येते, गुटगुट करते आन् बंद होते. डबा भरेल असला तरी."

 त्यानं झाकण हातात घेऊन उलटंपालटं केलं. "ह्याले वाऱ्याचं भोक असते," तो हळूच म्हणाला. "मधात. मले माईत हाय, असते." झाकणाच्या मधोमध बोटाचं टोक बसेल एवढा खळगा होता आणि तो सपाट भरलेला होता. लाल झाकण, लाल खळगा, लालात लाल. त्यानं आगकाडीनं खरवडलं, तर घट्ट तेलकट काहीतरी निघालं. त्यानं नाकाशी नेलं आणि मग माझ्या नाकाशी धरलं. शेंदूर. तेलात कालवलेला, धुळीनं घट्ट झालेला, वर ताजा थर. सकाळी माझ्या हाताला लागलेल्या तेलाचाच वास.

मला आधी भयंकर राग आला. मी म्हणाले, "मारलंच असतं आपल्याले."   नवरा रस्त्याच्या कडेला बसला, झाकण दोन्ही हातांत धरून.

"टाळू भरली वं तिनं," तो म्हणाला. "गाडीची टाळू भरली."

आणि मला दिसलंच ते. वस्तीतली पोरं आत्याबाईंच्याच हाताखालून जायची. बाळाला पायांवर घेऊन, डोक्याच्या मऊ खळग्यात तेल जिरवत बसायचा त्यांचा हात. टाळू उघडी राहिली तर लेकराला वारा लागतो, म्हणायच्या. लेकाच्या गाडीलाही त्यांना डोक्यावर खळगा दिसला आणि त्यात बारीकसं उघडं भोक. तिथून वारा लागेल, काहीबाही शिरेल, म्हणून त्यांनी ते बुजवलं, आणि कोणाला दिसू नये म्हणून लालात लाल बुजवलं. गाडी घाटात थांबली तसा त्यांनी थर वाढवला. त्या जितक्या भ्याल्या तितका गाडीचा श्वास कोंडला. मी जाणार म्हटल्यावर त्यांनी पुरताच कोंडला.

भोक मोकळं केल्यावर गाडी एकदाही न अडखळता घाट चढली. सेमाडोह कधी मागं गेलं कळलं नाही.  परत येताना चांदूर बाजारच्या अलीकडं त्यानं विचारलं, "तिले सांगाचं काय?"

मी त्यावर घाटापासून विचार करत होते. सांगायचं म्हणजे त्या बाईला सांगायचं, की ज्या घाटानं तुझा नवरा नेला, त्या घाटात तुझ्याच हातानं तू लेकाला ढकलत होतीस. माझा राग तोवर निवला होता. "नाई," मी म्हटलं. "पन ते पुन्हा लावतीन."

"लावू दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं झाकण घरात आणलं. आत्याबाई पाण्याला गेल्या होत्या. खिळा आणि हातोडा घेऊन त्यानं झाकणाच्या कडेला, खालच्या अंगाला, कोणाला सहज दिसणार नाही असं दुसरं बारीक भोक पाडलं. फुंकर मारून पाहिली. "टाळू तिची राहू दे," तो म्हणाला. "नाक आपन पाडलं." मरीमायचा गोटा नदीत सोडणारा हा माणूस. पटत नाही ते पटत नाहीच, पण आईचा हात झटकवत नाही, असं काहीतरी त्याचं झालं होतं. 

आत्याबाईंना सांगितलं, की मिस्त्रीनं काढला दोष. त्या "बरं झालं वं माय" म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर जे समाधान आलं, ते मिस्त्रीचं नव्हतं. मिस्त्रीला श्रेय देऊन आपण गप्प बसलो, असा त्यांचा थाट होता. पुढं कितीतरी वर्षं त्या गाडी पुसत राहिल्या, खळगा भरत राहिला, आणि गाडी दुसऱ्या नाकानं श्वास घेत घाट चढत राहिली. मी बऱ्याचदा बरोबर जायची. ठोकळा पायाशी असायचा, लावायची वेळ येत नसे.

मग आत्याबाई गेल्या, तापानं, घरात, आमच्या दोघांच्या हातावर. त्यांच्यानंतरच्या पहिल्या खेपेला मी बरोबर निघाले. परतवाड्याला पेट्रोल भरताना नवऱ्यानं झाकण काढलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं. शेंदूर वाळून, तडकून, खडखडाटात गळून गेला होता. खळगा कोरडा होता. दोन्ही भोकं मोकळी, सताड उघडी. गाडीला इतका श्वास जन्मात कधी मिळाला नव्हता. भ्यायचं काही कारण नव्हतं.

घाटाच्या पायथ्याशी माझे हात भाकरी थापतानाच्या त्या जुन्या दिवसांसारखे थंड पडले. मी ठोकळा उचलून मांडीवर घेतला. म्हटलं, "मले भेव लागून राहिलं."

तो समोर चढाकडं बघत होता. "मलेबी," तो म्हणाला. मिस्त्रीचं बोलणं इतकी वर्षं मनाला लावून घेतलेला माणूस, पण तेव्हा सरळ म्हणाला.

मग त्यानं गाडी कडेला घेतली आणि उतरून बॉनेट उघडलं. मला वाटलं पाणी बघतो आहे. त्यानं इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, तिच्या टोकाचं तेल बोटावर घेतलं आणि टाकीपाशी गेला. शेंदूर नव्हता, मंत्र नव्हता, नुसतं तेल. ते त्यानं झाकणाच्या खळग्यात लावलं आणि बोट हळूहळू फिरवत थोडा वेळ जिरवलं, आत्याबाईंचा हात फिरायचा तसंच.

बोट पँटला पुसून तो आत येऊन बसला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.